कर्करोगावरील उपचार आणि रुग्णाचे ताट

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात कर्करोगाचे सुमारे १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण आढळले. दर नऊ भारतीयांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी या रोगाला तोंड द्यावे लागण्याची शक्यता आहे, असेही या अंदाजातून दिसते. रोगाचे निदान, शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांविषयी गेल्या दोन दशकांत देशात बरेच धोरणात्मक काम झाले. तथापि, या सर्व उपचारांचे यश ज्या एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते, तिला धोरणात अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही. ही गोष्ट म्हणजे उपचारांच्या काळात रुग्णाच्या पोटात जाणारे अन्न.

भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत येथे तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगांचे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आणि २१.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले होते. ईशान्य भारतात अन्ननलिका व जठर यांच्या कर्करोगांचा भार मोठा आहे. २०१२ ते २०१६ या काळातील नोंदींनुसार पुरुषांमधील कर्करोगाचे देशातील सर्वाधिक प्रमाण मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्यात, दर लाख लोकसंख्येमागे २६९.४ इतके होते. अन्न ज्या मार्गाने पोटात जाते, त्याच मार्गावर घाला घालणारा हा रोग आहे. त्यामुळे ‘रुग्णाला जेवण जात नाही’ ही तक्रार उपचाराच्या अगदी मध्यभागी येऊन उभी राहते.

भूक मरण्याची कारणे

कर्करोगात रुग्णाचे वजन घटते, याचे कारण केवळ कमी खाणे हे नसते. रोगामुळे शरीरात दाह निर्माण करणारी रसायने वाढतात. ती मेंदूतील भुकेची जाणीव मंद करतात आणि स्नायूंतील प्रथिनांची झीज वेगाने घडवून आणतात. उपाशी राहिलेल्या निरोगी माणसाचे शरीर काही दिवसांनी स्नायू राखून चरबी वापरू लागते. कर्करोगाच्या रुग्णाच्या शरीराला ही काटकसर नीट साधत नाही. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले तर ती या अवस्थेची खूण मानावी, असे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०११ मध्ये ठरविले. साठ किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत ही घट अवघी तीन किलो होते. ‘आजारपणात माणूस थोडा उतरतोच’ असे म्हणून कुटुंबे ज्या घटीकडे दुर्लक्ष करतात, ती नेमकी हीच होय.

रोगाच्या जोडीला उपचारांचे दुष्परिणाम येतात. केमोथेरपीची औषधे वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. परंतु तोंडाची व आतड्याची आतील त्वचा, रक्त तयार करणारा अस्थिमगज आणि केसांची मुळे येथील पेशीही वेगाने विभागत असतात. म्हणून तोंड येणे, जुलाब, पांढऱ्या पेशी कमी होणे आणि केस गळणे हे परिणाम एकाच सुमारास दिसतात. जिभेवरील चव ओळखणाऱ्या पेशी साधारणपणे दहा दिवसांत नव्याने तयार होत असतात. या कामात खंड पडला की अन्न बेचव, कडवट किंवा धातूसारखे लागू लागते. घरच्यांनी निगुतीने केलेला पदार्थ रुग्ण बाजूला सारतो, तेव्हा त्यात हट्टाचा भाग नसतो. त्याच्या जिभेला तो पदार्थ खरोखरच वेगळा लागत असतो.

मळमळीचेही प्रकार आहेत. काहींना औषध दिल्यानंतर काही तासांतच उलटी होते, काहींना दुसऱ्या दिवसापासून चार-पाच दिवस मळमळत राहते, तर आधीच्या वेळी फार त्रास झालेल्या रुग्णाला रुग्णालयाच्या वासानेही पोटात ढवळते. हा भेद डॉक्टरांना नेमका सांगणे आवश्यक असते, कारण प्रत्येक प्रकारावरील औषधयोजना निराळी असते.

किरणोपचाराचे सात आठवडे

तोंड व घशाच्या कर्करोगावरील किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा ते सात आठवडे चालतात. पहिला आठवडा बहुतेकांना सुसह्य जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाची आतील त्वचा लाल होऊन सोलवटते, लाळ घट्ट व कमी होते आणि गिळताना आग होऊ लागते. सुपारी व गुटख्यामुळे ज्यांचे तोंड आधीच कमी उघडत असते, त्यांची अडचण दुप्पट होते. उपचार संपल्यानंतरही एक-दोन आठवडे हा त्रास वाढू शकतो आणि त्यानंतर हळूहळू ओसरतो. तोंडाचा कोरडेपणा मात्र अनेकांची दीर्घकाळ सोबत करतो.

या काळात वजन झपाट्याने घटले तर त्याचा परिणाम थेट उपचारावर होतो. किरणे नेमक्या जागी पडावीत म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा साचा बनविलेला असतो. चेहरा उतरला की हा साचा सैल होतो आणि काही वेळा उपचाराचे नियोजन नव्याने करावे लागते. अशक्तपणामुळे काही दिवसांचा खंड पडला तर नुकसान आणखी गंभीर असते. मस्तक व मानेच्या कर्करोगांच्या अभ्यासांत, किरणोपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास घटत असल्याचे आढळले आहे. आठवडाभराचा खंड म्हणजे सुमारे सात टक्क्यांचे नुकसान. महागडे यंत्र, प्रशिक्षित तज्ज्ञ आणि शासनाचा निधी असे सर्व उपलब्ध असूनही, रुग्णाला पुरेसे अन्न गेले नाही एवढ्याच कारणाने उपचाराचे फळ कमी होते.

म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वी आणि त्यानंतर दर आठवड्याला वजन नोंदविणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त उपाय ठरतो. झीज एकदा खोलवर गेली की केवळ अन्नाने ती भरून काढणे कठीण होते. सुरुवातीलाच रोखणे सोपे असते.

स्वयंपाकघरातील उपाय

घरगुती उपायांचा पहिला नियम असा की, तीन वेळच्या भरल्या ताटाचा आग्रह सोडून दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खाण्यास द्यावे. भूक बहुधा सकाळी बरी असते; दिवसातील सर्वांत पौष्टिक खाणे तेव्हा द्यावे. प्रमाण वाढविता येत नसेल तर घासाघासातील सत्त्व वाढवावे. पातळ पेजेत मुगाची भरड आणि चमचाभर तूप, दुधात दुधाची भुकटी, खिचडीत डाळ अधिक आणि तांदूळ कमी, लापशीत शेंगदाण्याचे बारीक कूट असे साधे बदल पुरेसे असतात. पाणी, चहा किंवा साधे सूप यांनी पोट आधीच भरू नये, यासाठी द्रवपदार्थ जेवणाबरोबर न देता दोन खाण्यांच्या मधल्या वेळात द्यावेत.

मळमळ होत असल्यास गरम अन्नाचा वास त्रासदायक ठरतो. कोमट किंवा गार अन्न, कोरडी पोळी, कुरमुरे, टोस्ट, इडली, दहीभात हे तुलनेने सहज जातात. तळणीच्या व फोडणीच्या वासापासून रुग्णाला दूर बसवावे. उलटी होण्याच्या वेळी अत्यंत आवडीचा पदार्थ देऊ नये, अन्यथा त्या पदार्थाविषयी पुढे कायमची नावड निर्माण होते. मळमळीवरील गोळ्या त्रास सुरू झाल्यावर न घेता सांगितलेल्या वेळी घ्याव्यात, कारण त्यांचे काम उलटी होण्यापूर्वीच सुरू व्हावे लागते.

चव बदलली असल्यास लिंबू, आमसूल, चिंच, पुदिना किंवा आले यांनी अन्न रुचकर करता येते. मात्र तोंडात जखमा असतील तर आंबट, तिखट, खारट व खरखरीत पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करावेत. धातूची चव येत असल्यास स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा वापरल्याने फरक पडतो. तोंड आलेले असताना आसट भात, नाचणीचे सत्त्व, मऊ उपमा, शिरा, कुस्करलेले केळे, गार दूध, घुसळलेले ताक, अंड्याचे पातळ कालवण असे पदार्थ द्यावेत. बिहार व झारखंडमधील सत्तू, दक्षिणेकडील नाचणीची आंबील, ओडिशा-बंगालमधील मऊ भात व डाळ ही त्या त्या प्रदेशांतील परिचित अन्नेच या काळात उपयोगी पडतात. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरल्यास तोंड स्वच्छ राहते. बाजारातील मद्यार्कयुक्त माउथवॉश टाळावेत. वेदना असह्य असल्यास जेवणापूर्वी अर्धा तास वेदनाशामक घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

जुलाबात मीठ-साखरेचे जलसंजीवनी द्रावण, भात, केळे आणि ताक उपयुक्त असते. दूध पचत नसल्यास काही काळ थांबवावे. याउलट वेदनाशामक मॉर्फिन, मळमळीवरील काही औषधे आणि केमोथेरपीतील काही औषधे यांमुळे बद्धकोष्ठता होते. तेव्हा पाणी, शिजविलेल्या भाज्या, भिजवलेल्या मनुका आणि डॉक्टरांनी दिलेले रेचक यांची जोड लागते. पांढऱ्या पेशी कमी असण्याच्या काळात ताजे शिजविलेले अन्न, उकळलेले पाणी आणि हातांची स्वच्छता यांना पर्याय नाही. रस्त्यावरील कापलेली फळे, उसाचा रस, कच्ची कोशिंबीर आणि शिळे अन्न टाळावे. या काळात अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आढळल्यास घरगुती उपाय न करता तातडीने रुग्णालय गाठावे.

शंभर रुपयांचे ताट

उपचार घेणाऱ्या रुग्णाला दर किलो वजनामागे दररोज २५ ते ३० उष्मांक आणि १ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. साठ किलो वजनाच्या रुग्णाला याप्रमाणे १,५०० ते १,८०० उष्मांक आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिने लागतात. अर्धा लिटर दूध, दोन अंडी, पन्नास ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, पन्नास ग्रॅम सत्तू किंवा फुटाण्याचे पीठ, दीडशे ग्रॅम तांदूळ, पाच चमचे तूप किंवा तेल, दोन केळी आणि थोडा गूळ यांतून सुमारे ७५ ग्रॅम प्रथिने आणि दोन हजारांहून थोडे अधिक उष्मांक मिळतात. रुग्ण त्यातील काही भाग मागे टाकील हे गृहीत धरले तरी गरज भागते. अंडी न खाणाऱ्यांना पनीर, दही किंवा दुधाची भुकटी यांनी ती उणीव भरून काढता येते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. तसेच अनेक दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या रुग्णाला एकाएकी भरपूर अन्न देणे धोक्याचे असते. तेथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच आहार वाढवावा लागतो.

सध्याच्या बाजारभावाने या ताटाचा खर्च साधारणपणे शंभर रुपयांच्या घरात जातो. किरणोपचाराच्या सात आठवड्यांसाठी तो सुमारे पाच हजार रुपये होतो. डब्यांतून मिळणाऱ्या तयार पौष्टिक भुकट्या काही रुग्णांना आवश्यक असतात. परंतु प्रत्येकाला त्यांची गरज नसते. जाहिरातींच्या प्रभावाखाली महागडा डबा आणून घरातील दूध व डाळ यांत काटकसर करणे, हा तोट्याचा व्यवहार ठरतो.

नळीविषयीची भीती

गिळणे अशक्य होते तेव्हा नाकातून जठरापर्यंत नळी घालून, किंवा दीर्घकाळ गरज असल्यास पोटावर लहान छिद्र पाडून थेट जठरात नळी बसवून, आहार दिला जातो. अनेक कुटुंबांत नळी म्हणजे शेवटची अवस्था असा समज आढळतो. वस्तुतः बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ती उपचार पूर्ण करण्यासाठी केलेली तात्पुरती सोय असते आणि तोंड बरे झाल्यावर काढली जाते. घरी शिजवून, बारीक वाटून व गाळून घेतलेली पातळ खिचडी, दूध, सत्त्व, डाळीचे कढण हे सर्व नळीतून देता येते. आहार ताजा असावा, देताना रुग्णाला बसते किंवा अर्धवट उठते ठेवावे, नंतरही अर्धा-पाऊण तास आडवे करू नये आणि प्रत्येक वेळी नळी स्वच्छ पाण्याने धुवावी, एवढी पथ्ये पाळणे गरजेचे आहे. नळी असतानाही डॉक्टरांची अनुमती असल्यास घोट-घोट गिळण्याचा सराव चालू ठेवावा; अन्यथा गिळण्याचे स्नायू दुबळे होतात.

भारतीय संशोधनाचे योगदान

भूक आणि मळमळ यांवरील उपाय महागच असतात असे नाही, हे भारतीय संशोधनाने अलीकडे दाखवून दिले आहे. पुदुच्चेरी येथील जिपमर संस्थेने जठर, यकृत-स्वादुपिंड व फुप्फुस यांच्या प्रगत कर्करोगाच्या १२४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ओलान्झापिन या जुन्या व स्वस्त औषधाची अवघी अडीच मिलिग्रॅमची मात्रा बारा आठवडे दिल्यावर ६० टक्के रुग्णांचे वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढले. औषधाविना असलेल्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या २०२४ मधील अभ्यासात, तीव्र केमोथेरपीनंतरची उलटी रोखण्यासाठी याच औषधाची अडीच मिलिग्रॅमची मात्रा दहा मिलिग्रॅमइतकीच परिणामकारक असून तिच्यामुळे दिवसा येणारी गुंगी कमी असल्याचे सिद्ध झाले. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे आहे. तथापि, मूळ पेटंट संपलेल्या आणि देशातच तयार होणाऱ्या औषधातून एवढा लाभ मिळणे, ही सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे.

याच्या अगदी उलट दिशेला काही गैरसमज प्रचलित आहेत. रोगाला उपाशी मारण्यासाठी रुग्णाचे दूध, साखर, धान्य बंद करणे, आठवडेच्या आठवडे केवळ रसांवर ठेवणे, अथवा नातेवाइकांच्या सांगण्यावरून कडक पथ्य लादणे, असे प्रकार सर्व आर्थिक थरांत आढळतात. अशा उपासाने कर्करोग बरा होतो असा पुरावा नाही. रुग्णाचे स्नायू मात्र निश्चितपणे झिजतात. एखादी वनौषधी घेण्याची इच्छा असल्यास ती डॉक्टरांपासून लपवू नये, कारण काही वनौषधी उपचारातील औषधांच्या क्रियेत बाधा आणतात.

हिशेबात न धरलेला खर्च

या प्रश्नाची आर्थिक बाजू नीट पाहण्याजोगी आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्य खर्चात नागरिकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. २०१९ मध्ये कर्करोगावरील ४२ औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. २०२४ मध्ये तीन महागड्या औषधांवरील सीमाशुल्क माफ झाले. २३ सप्टेंबर २०१८ पासून सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण सवलत, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. याचा अर्थ असा की, औषध, शस्त्रक्रिया आणि प्रवास हे तिन्ही खर्च शासनाने आपल्या हिशेबात धरले आहेत.

अन्नाचे तसे झालेले नाही. जन आरोग्य योजनेत रुग्णालयात दाखल असतानाच्या भोजनाचा समावेश आहे. घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही त्यात धरलेला आहे. परंतु किरणोपचार आणि बरीचशी केमोथेरपी बाह्यरुग्ण पद्धतीने दिली जाते. रुग्ण रोज येतो आणि उपचार घेऊन परत जातो. उदाहरणादाखल, बिहारमधील एखादा शेतमजूर तोंडाच्या कर्करोगावरील किरणोपचारासाठी मुंबईला आला असे धरू. यंत्रावरचे त्याचे काम रोज काही मिनिटांचे असते. उरलेले तेवीस तास तो आणि त्याची पत्नी धर्मशाळेत, भाड्याच्या खोलीत किंवा पदपथावर काढतात. दोघांचीही मजुरी बुडालेली असते. शिधापत्रिकेवरील धान्य ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या सोयीमुळे दुसऱ्या राज्यातही मिळू शकते, परंतु धान्य शिजविण्यास चूल आणि जागा लागते. सोलवटलेल्या तोंडाने त्याला समोरच्या गाडीवरील तिखट भाजी खाता येत नाही. अशा वेळी तो चहा-बिस्किटांवर दिवस काढतो आणि चौथ्या आठवड्यात उपचार अर्धवट टाकून गावी परततो. पाच लाखांचे संरक्षण असूनही जो उपचार सुटतो, तो बहुधा अशा लहान खर्चापायी सुटतो. सात आठवड्यांच्या आहाराचा पाच हजार रुपयांचा खर्च हा त्या संरक्षणाच्या रकमेचा अवघा एक टक्का आहे.

ही उणीव समाजाने आपल्या परीने भरून काढली आहे. दादर येथील संत गाडगे महाराज धर्मशाळेने अनेक दशके देशभरातून येणाऱ्या कर्करुग्णांना अल्प दरात आसरा दिला आहे. बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेने २००६ मध्ये मुंबईत काम सुरू केले आणि नंतर ते इतर शहरांत नेले. तेथे कुटुंबाला स्वतःचा स्वयंपाक स्वतः करता येतो. बालरुग्णांच्या आहारासाठी कडल्स फाउंडेशनसारखी संस्था रुग्णालयांत आहारतज्ज्ञ नेमते. ही कामे अनुकरणीय असली तरी लाखो रुग्णांचा भार केवळ दानशूरतेवर सोपविता येणार नाही.

क्षयरोग कार्यक्रमाचा धडा

अन्न हा उपचाराचा भाग आहे, हे तत्त्व शासनाने एका रोगाच्या बाबतीत पूर्वीच स्वीकारले आहे. निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून क्षयरुग्णाला उपचाराच्या काळात दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात मिळू लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. झारखंडमध्ये २,८०० क्षयरुग्णांच्या कुटुंबांना शिधा देऊन केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पूरक शिधा मिळालेल्या कुटुंबीयांमध्ये क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. कर्करोग हा संसर्गजन्य नसल्याने दोहोंची तुलना सर्वच बाबतींत लागू होणार नाही. तरीही रुग्णाची नोंद, थेट हस्तांतरण आणि उपचाराशी जोडलेला लाभ ही यंत्रणा देशात तयार आहे, एवढे यावरून स्पष्ट होते. हिमाचल प्रदेशाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या सहारा योजनेत कर्करोगासह काही गंभीर आजारांच्या रुग्णांना मासिक साहाय्य देऊ केले. केरळमध्येही कर्करुग्णांसाठी निवृत्तिवेतनाची पद्धत आहे.

पुढील दिशा

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उभारण्याची आणि त्यांपैकी २०० केंद्रे त्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा झाली. आसाममध्ये २८ एप्रिल २०२२ रोजी सात कर्करोग रुग्णालयांचे लोकार्पण होऊन उपचार रुग्णाच्या गावाजवळ आणण्याची वाट दिसली आहे. रुग्ण घराजवळ उपचार घेऊ लागला की त्याला घरची पेज, घरची माणसे आणि परिचित चव मिळते. आहाराच्या दृष्टीनेही विकेंद्रीकरणाचा हा मोठा लाभ आहे.

या केंद्रांच्या उभारणीतच काही गोष्टी अंतर्भूत करणे शक्य आहे. प्रत्येक भेटीत रुग्णाचे वजन नोंदवून पाच टक्के घट दिसताच आहारतज्ज्ञाकडे पाठविण्याचा नियम असावा. प्रत्येक केंद्रात किमान एक आहारतज्ज्ञ असावा आणि त्याचा सल्ला स्थानिक भाषेत व स्थानिक अन्नाच्या आधारे दिला जावा. देशातील तीनशेहून अधिक संस्थांना जोडणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडमार्फत अशी समान मार्गदर्शिका सर्वत्र पोहोचविता येईल. किरणोपचार घेणाऱ्या गरीब रुग्णाला निक्षय पोषणच्या धर्तीवर उपचारकाळापुरते पोषण साहाय्य मिळावे. मोठ्या रुग्णालयांच्या परिसरात रुग्णांसाठी मऊ, कमी तिखट व प्रथिनयुक्त अन्न देणारी सामुदायिक स्वयंपाकघरे बचत गटांकडे सोपविता येतील. त्यातून महिलांना रोजगारही मिळेल. आशा कार्यकर्तीला वजनकाटा आणि धोक्याच्या लक्षणांची यादी दिल्यास गावी परतलेल्या रुग्णाकडे वेळीच लक्ष जाईल.

यांपैकी कोणत्याही उपायाला नवे तंत्रज्ञान किंवा परकीय चलन लागत नाही. कर्करोगाच्या उपचारासाठी शासन व कुटुंब मिळून लाखो रुपये खर्च करतात. तो खर्च सार्थकी लागावयाचा असेल, तर शंभर रुपयांच्या ताटाचा हिशेब त्यात आरंभापासून धरावा लागेल. रुग्णाचे वजन औषधाच्या मात्रेइतक्याच काळजीने नोंदविले जाईल, तेव्हा अर्धवट सुटणारे अनेक उपचार पूर्णत्वास जातील.